घर भाड्याने देताना सरकारी योजनांपैकी कोणती तुमच्या कामाची? ठाणे-नवी मुंबईच्या घरमालकांसाठी

घोडबंदर रोडला किंवा खारघरला दुसरा फ्लॅट घेऊन ठेवलेला माणूस हल्ली हमखास विचारतो, "भाड्याच्या घरांसाठी सरकारची योजना आहे म्हणे, आपल्याला त्यात काही मिळतं का?" व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निरोपांत प्रधानमंत्री आवास, स्वाधार, झोपुचं (झोपडपट्टी पुनर्वसनाचं) भाडं, रेंटल हाउसिंग असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. त्यातलं बरंचसं एका फ्लॅटच्या मालकासाठी नसतंच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की असू द्या. अमेरिकेत गरजू भाडेकरूच्या भाड्याचा मोठा हिस्सा सरकारी यंत्रणा थेट घरमालकाला देते. मुलं तिकडे असलेल्यांनी हे ऐकलेलं असतं. आपल्याकडे तसं नाही. इथे पैसा भाडेकरूच्या खात्यात येतो, किंवा बिल्डरकडून भाडेकरूला मिळतो, किंवा तुम्हाला करात सूट म्हणून मिळतो. सरकारी खातं स्वतःच भाडेकरू असेल तेवढाच अपवाद. त्यामुळे योजना निवडायची म्हणजे कोणत्या प्रकारचा भाडेकरू घ्यायचा आणि त्याचं भाडं नेमकं कुठून येतं, हे ठरवायचं. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

आधी घराचे कागद काढा

भाडेकरू शोधायच्या आधी तुमचं घर कोणत्या दारातून जाऊ शकतं ते पाहा.

घर सिडकोच्या किंवा म्हाडाच्या सोडतीतलं असेल, किंवा पंतप्रधान आवासच्या अनुदानावर घेतलेलं असेल, तर वाटपपत्र आणि करारातल्या अटी वाचा. ठरावीक वर्षं विकता येणार नाही, स्वतः राहावं लागेल, परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येणार नाही, अशा अटी तिथे असतात. एजंट "सगळे देतात हो" म्हणेल. सगळे देत असतीलही, पण नोटीस वाटपपत्रावर ज्याचं नाव आहे त्याच्या दारावर लागते.

गृहकर्ज चालू असेल तर बँकेच्या मंजुरीपत्रात भाड्याने देण्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. पालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर वापर काय नोंदलाय तेही बघा.

घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे अशा गावठाणांत प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न वेगळा. तिथे चार-चार मजले भाड्यावर चालतात आणि कित्येक घरांचा संसार त्यावर उभा आहे. पण मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर सरकारी खातं, बँक किंवा मोठी कंपनी भाडेकरू म्हणून येणार नाही. भाडेकरार नोंदवला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हेही लक्षात असू द्या. अशा घरासाठी विद्यार्थी आणि नोकरदार हाच मार्ग उरतो.

सोसायटीचं प्रकरण त्या मानाने सोपं. भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा राज्य सरकारचा आदेश ऑगस्ट २००१ पासून आहे, आणि पालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात. तरीही अनेक सोसायट्या 'भाडेकरू असेल तर दुप्पट मेंटेनन्स' असे ठराव करून बसल्या आहेत. लेखी पत्र द्या, आदेशाचा हवाला द्या, बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

विद्यार्थी भाडेकरू: स्वाधार आणि तिच्या बहिणी

खऱ्या अर्थाने 'भाड्यासाठी सरकारी पैसा' म्हणता येईल अशी आपल्याकडची योजना म्हणजे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. २०१६-१७ पासून चालू आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाहेर राहण्या-जेवणाचा खर्च समाजकल्याण विभाग त्यांच्या खात्यात जमा करतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले आहेत: भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ढाचा तोच.

आता घरमालकाच्या नजरेने या आकड्यांकडे पाहा. निवासाचे वर्षाला २०,००० म्हणजे महिन्याला साधारण १,६६७ रुपये. ऐरोली-नेरुळच्या कॉलेजांजवळच्या खोलीत तीन मुलं ठेवली आणि तिघांनाही योजना लागू असली, तरी निवासाचे पैसे मिळून महिन्याला पाच हजार होतात. तेवढ्यात तिथे खोली मिळत नाही. उरलेलं भाडं आई-वडील देणार, किंवा मुलगा संध्याकाळी कुठेतरी काम करून उभं करणार. योजनेचा पैसा हा भाड्याला लागणारा हातभार आहे. तो धरून पूर्ण भाड्याचं गणित मांडू नका.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. पैसे दर महिन्याला येत नाहीत. उपस्थिती ७५ टक्क्यांच्या खाली गेली किंवा कॉलेजकडून कागद यायला वेळ लागला तर अडकतात. भाडेकरारात "स्वाधारचे पैसे आल्यावर भाडे" असं वाक्य चुकूनही घालू नका. भाडं दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, योजनेचा उल्लेख नाही. मुलाला सवड द्यायची असेल तर तोंडी द्या, माणुसकी म्हणून द्या.

पण हे भाडेकरू टाळावेत, असं मला अजिबात म्हणायचं नाही. बीड, यवतमाळ, नंदुरबारहून आलेली ही मुलं तीन-चार वर्षं एकाच ठिकाणी राहू पाहतात. आपल्या सोसायट्यांना बॅचलर म्हटलं की ताप येतो, म्हणून ती गावठाणात दाटीवाटीने राहतात. तुमच्याकडे वन आरके असेल, भाडं बाजारापेक्षा थोडं कमी ठेवायची तयारी असेल, आणि दर वर्षी नवा भाडेकरू शोधायचा, एजंटला दलाली द्यायची, दोन महिने घर रिकामं ठेवायचं हे नको असेल, तर हा व्यवहार शेवटी फायद्याचाच ठरतो.

करताना एवढं सांभाळा:

- प्रत्येक मुलाचं नाव करारात परवानाधारक (लायसन्सी, म्हणजे भाड्याने राहणारा) म्हणून यायला हवं. योजनेच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो आणि त्यासाठी त्याच्या स्वतःच्या नावाचा करार उपयोगी पडतो. एकाच्या नावावर खोली आणि बाकीचे 'मित्र' असा प्रकार तुमच्याही सोयीचा नाही, त्यांच्याही नाही.
- अकरावी-बारावीचा मुलगा अठराच्या आतला असतो, तो करार करू शकत नाही. वडिलांची किंवा आईची सही घ्या.
- एकजण मध्येच सोडून गेला तर त्याच्या वाट्याचं भाडं कोण देणार आणि बदली मुलगा कोण ठरवणार, हे लिहून ठेवा. भांडणं इथेच होतात.

खाटेप्रमाणे पैसे घेऊन पीजी चालवणाऱ्यांनी जीएसटीचं एक पाहून ठेवावं. माणशी महिन्याला २०,००० पर्यंत आणि सलग किमान ९० दिवस राहणं असेल तर ती सेवा करमुक्त आहे, हे जुलै २०२४ पासून स्पष्ट झालं आहे.

पुनर्विकासातून बाहेर पडलेलं कुटुंब

ठाण्यात सध्या सर्वात जास्त मागणी याच भाडेकरूंची आहे. नौपाडा, पाचपाखाडी, कोपरीतल्या जुन्या इमारती पाडायला निघाल्या की पन्नास-साठ कुटुंबं एकाच वेळी घर शोधायला बाहेर पडतात, आणि सगळ्यांना त्याच भागात हवं असतं: मुलांची शाळा तीच, आजोबांचा डॉक्टर तोच, भाजीवालाही तोच. किसननगरसारख्या क्लस्टर योजनांतली (अख्ख्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास) आणि झोपडपट्टी पुनर्वसनातली कुटुंबं वेगळीच. भाडं बिल्डर देतो, पण ते कुटुंबाला देतो.

हे भाडेकरू चांगले का, तर त्यांना तीन वर्षांची जागा हवी असते आणि घर म्हणून ती वापरतात. धोका एकच: बिल्डरचं भाडं मध्येच थांबणं. झोपुच्या कामांत तर हे इतकं व्हायचं की मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये विकासकांना दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायला आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यायला लावलं. तुमच्या भाडेकरूचा प्रकल्प कोणत्या प्राधिकरणाखाली येतो आणि तिथे आगाऊ रक्कम जमा आहे का, हे विचारा. सोसायटीचा खासगी पुनर्विकास असेल तर बिल्डरशी झालेल्या करारातलं भाड्याचं पान दाखवायला सांगा. संकोच वाटण्यासारखं त्यात काही नाही. ती मंडळीही कागद पिशवीत घेऊनच हिंडत असतात.

त्या पानावर तीन गोष्टी बघा. महिन्याचं भाडं किती, ते वर्षाचं एकरकमी मिळतं की महिन्याला, आणि दर वर्षी किती टक्के वाढतं. तुमच्या करारात १० टक्के वाढ आणि त्यांना बिल्डरकडून ५ टक्के, असं असेल तर दुसऱ्या वर्षापासून घासाघीस सुरू होणार. पहिल्याच दिवशी दोन्ही आकडे जुळवून घेतलेले बरे.

बिल्डरचा धनादेश थेट तुमच्या नावाने घेऊ नका. करार कुटुंबाशी, भाडं कुटुंबाकडून. बिल्डर तुमचा कोणी नाही, आणि तो थकला तर त्याच्या मागे धावायचा हक्क त्या कुटुंबाचा आहे, तुमचा नाही. "बिल्डरकडून भाडे मिळो वा न मिळो, ठरलेल्या तारखेला भाडे देणे बंधनकारक" हे वाक्य करारात असू द्या. अनामत नेहमीपेक्षा थोडी जास्त मागितली तर बहुतेक जण देतात, कारण बिल्डरकडून घर सोडताना त्यांच्या हाती काही रक्कम आलेली असते.

मुदत ३६ महिन्यांची ठेवली तरी चालते. इमारत ठरल्या वेळी उभी राहत नाही, हे ठाणेकरांना सांगायला नको. म्हणून मुदत संपायच्या तीन महिने आधी नवं भाडं ठरवून नवा करार नोंदवायचा, हे सुरुवातीलाच बोलून ठेवा.

वर्तकनगरची भाड्याची छोटी घरं ठाण्यात 'रेंटल' म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. २००८ च्या एमएमआरडीएच्या भाडे-घर धोरणातून अशी १६० चौरस फुटांची घरं आली आणि पुढे धोकादायक इमारतींतल्या लोकांसाठी पालिकेने वापरली. खासगी मालकाला त्यात शिरायला वाव नाही. कोणी "तुमचा फ्लॅट रेंटलमध्ये लावून देतो" म्हणत पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

सरकार, बँक किंवा कंपनी भाडेकरू

दुकान, ऑफिसचा गाळा किंवा अख्खी इमारत असेल तरच हा भाग तुमच्यासाठी. सरकारी कार्यालयासाठी खासगी जागा घेताना सार्वजनिक बांधकाम विभाग वाजवी भाडं ठरवून देतो. ते बाजारभावापेक्षा कमी असू शकतं, आणि अनुदान आलं की पैसे येतात, त्यामुळे दर महिन्याला एक तारखेची अपेक्षा ठेवू नका. बदल्यात भाडेकरू पळून जायची भीती नाही. इतर मागास विद्यार्थ्यांची जिल्हावार वसतिगृहंही अनेक ठिकाणी भाड्याच्या इमारतींत चालवली जातात. मोठी निवासी इमारत रिकामी असेल तर ठाण्यातल्या संबंधित सहायक संचालक कार्यालयात चौकशी करायला हरकत नाही.

बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं संरक्षण मिळत नाही. मालकासाठी ही जमेची बाजू. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे-पनवेलकडे कंपनीच्या नावाने फ्लॅट घेणारे वाढले आहेत. त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी आधी मिटवा. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर कंपनी १० टक्के टीडीएस कापेल. आणि राहण्याचं घर जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीने घेतलं तर १८ टक्के जीएसटी भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. तो 'भाड्यात धरून' देण्याचा आग्रह होतो, तो मान्य करू नका.

सरकारी नोकर घरभाडे भत्ता घेतो, त्याला काही वेगळी योजना समजू नका. तो साधाच भाडेकरू. पगार नियमित, बदली कधीही. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की तुमचा पॅन मागेल. देऊन टाका.

जमीन किंवा मोठी इमारत असणाऱ्यांसाठी

२०२० च्या करोनाकाळात केंद्राने परवडणाऱ्या भाडे गृहसंकुलांची योजना आणली. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान आवास शहरी २.० मध्ये 'परवडणारी भाडे घरे' हा चार घटकांपैकी एक घटक आहे. पहिल्या प्रकारात सरकारची रिकामी पडलेली घरं भाड्यावर चालवायची. दुसऱ्यात खासगी किंवा सार्वजनिक संस्थेने आपल्या जमिनीवर बांधून, स्वतः चालवून, कमी उत्पन्नाच्या कामगारांना आणि नोकरदार महिलांना द्यायची. नव्या योजनेत नव्या तंत्राने बांधल्यास चौरस मीटरला केंद्राचे ३,००० आणि राज्याचे २,००० रुपये अनुदान धरलं आहे.

ऐकायला गोड वाटतं. पण २०२० च्या योजनेत किमान ४० घरं, २५ वर्षांची बांधिलकी, आणि भाडेवाढ दोन वर्षांनी ८ टक्के, पाच वर्षांत एकूण २० टक्क्यांपर्यंतच, अशा अटी होत्या. तळोजा किंवा महापे औद्योगिक पट्ट्याजवळ स्पष्ट मालकीची जमीन आणि कामगार पुरवणारी कंपनी हाताशी असेल तर आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंटला एकत्र बसवून हिशेब करा. दोन फ्लॅटच्या मालकाने यात वेळ घालवू नये.

करातली सूट, जी सगळ्यांनाच मिळते

बहुतेक मालकांसाठी सर्वात मोठी सरकारी मदत हीच, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. समजा भाडं महिन्याला २५,०००, वर्षाचे ३,००,०००. तुम्ही भरलेला मालमत्ता कर १२,००० वजा केला की २,८८,००० उरले. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे ८६,४००. करपात्र उत्पन्न २,०१,६००. दुरुस्तीची एकही पावती दाखवावी लागत नाही, आणि नव्या करपद्धतीतही ही वजावट मिळते.

कर्जाचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं. व्याज जास्त होऊन तोटा दिसला तर जुन्या पद्धतीत २ लाखांपर्यंत तो पगारातून वळता करता येतो; नव्या पद्धतीत येत नाही. नव्याने कर्ज काढून भाड्यासाठी घर घेणाऱ्याने करपद्धत निवडताना हे आधी मांडून पाहावं. घराचं भाडं 'व्यवसायाचं उत्पन्न' म्हणून दाखवायची वाट २०२४ च्या अर्थसंकल्पाने बंद केली आहे. भाडेकरू साधी व्यक्ती असेल आणि महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर तोही २ टक्के टीडीएस कापतो.

हे सगळं घ्यायचं तर भाडं बँकेतून यायला हवं. अर्धं रोख, अर्धं ऑनलाइन घेणाऱ्याच्या करारावर एक आकडा आणि खिशात दुसरा असतो, आणि वाद झाला की कायदा करारातलाच आकडा धरतो.

करार: इथे घाई करू नका

"अकरा महिन्यांचा करार, नोंदणीची गरज नाही" हे महाराष्ट्रात खरं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं मानलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं.

मुद्रांक शुल्क पाव टक्का. २५,००० भाडं, २४ महिने, अनामत १ लाख असेल तर भाड्याचे ६,००,००० आणि अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी दोन वर्षांचं मानीव व्याज २०,०००, अशा ६,२०,००० वर १,५५० रुपये. पालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, शिवाय ऑनलाइन हाताळणीचं किरकोळ शुल्क. एजंट यावर काय घेतो ते वेगळं विचारा.

हल्ली एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो. डायनिंग टेबलावर सगळं मांडतो, एकेकाचा फोटो, आधारवरचा अंगठा. वयस्कर मालकांचा अंगठा झिजलेला असतो, मशीन लाल दिवा दाखवत राहतं. बोट कोरडं पुसा, दुसरं बोट लावून बघा, कुणाचं तर्जनीवर चटकन येतं. अंगठा लावायच्या आधी मात्र मसुदा स्वतः वाचा, एजंटला वाचून दाखवायला लावू नका. नवी मुंबईत सेक्टर आणि प्लॉट नंबर, मुदतीच्या तारखा, अनामतीचा आकडा आणि ती कोणत्या खात्यातून आली त्याचा व्यवहार क्रमांक या चार जागी चुका होतात. पाठवल्यावर दुरुस्तीसाठी पुन्हा सगळा घाट घालावा लागतो. त्याच दिवशी भाडेकरूची माहिती ठाणे किंवा नवी मुंबई पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवा. ती न देणं हा आयुक्तालयाच्या आदेशाचा भंग ठरतो.

मुदत संपल्यावर भाडेकरू हलत नसेल तर दिवाणी दाव्याच्या वाटेला न जाता त्याच कायद्याच्या कलम २४ खाली कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे नोंदणीकृत करार हाच निर्णायक पुरावा, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. त्यामुळे मुदतीनंतर नवा करार न करता जुन्या दराने भाडं खात्यात येऊ देत बसू नका. आलंच तर त्याच आठवड्यात लेखी कळवा, की ही रक्कम वापराच्या भरपाईपोटी जमा धरली आहे, मुदत वाढवलेली नाही.